'वॉर विथ द न्यूट्स': दुसऱ्या भागात अडकले आहे, पुढे वाचू का?

रानजाई

आमच्या वाचनगटाने या वेळी कारेल चापेकची 'वॉर विथ द न्यूट्स' निवडली आहे. न्यूट म्हणजे सॅलमँडरच्या गटातला, पालीसारखा दिसणारा उभयचर प्राणी. मूळ चेक कादंबरी १९३६ची, मी एवॉल्ड ओसर्सचा इंग्रजी अनुवाद वाचतेय.

पहिला भाग वाचताना पुस्तक हातातून खाली ठेवलं नाही. सुमात्राजवळच्या ताना मासा बेटापाशी मोती शोधायला आलेला, सतत शिव्या घालणारा तो कप्तान फान टोख फार आवडला. खाडीत भुतं आहेत म्हणून पाण्यात उतरायलाच तयार नसलेले तिथले लोक, आणि मग संध्याकाळी किनाऱ्यावर येणारे, लहान मुलाएवढे, मागच्या पायांवर उभे राहून 'त्स् त्स्' करणारे ते प्राणी, म्हणजेच न्यूट. मला वाटलं, आता साहस सुरू होणार.

पण दुसऱ्या भागात कप्तान मेलेला, गोष्ट थांबलेली, आणि समोर नुसती वर्तमानपत्रांची कात्रणं, अहवाल, बाजारभाव, पानपानभर तळटीपा. कोणाच्या मागे जायचं तेच कळत नाही. गटातले एक जण म्हणाले, "ही हिटलरवरची रूपककथा आहे, न्यूट म्हणजे नाझी, एवढं लक्षात ठेवलं की झालं." तेवढंच असेल तर उरलेलं वाचायची गरज मला दिसत नाही. ज्यांनी पूर्ण वाचली आहे त्यांनी मनापासून सांगा. हा भाग गाळून तिसऱ्यावर गेलं तर चालेल का?

पाऊलवाट

मी दुसऱ्या भागातच सोडली होती. नंतर लोकांनी फारच कौतुक केलं म्हणून पूर्ण केली. मत फारसं बदललं नाही.

माझा आक्षेप असा: चापेक सगळ्यांवरच वार करतो. पत्रकार, सिनेमावाले, शास्त्रज्ञ, भांडवलदार, कम्युनिस्ट, समाजसेविका, राष्ट्रांच्या परिषदा, कोणी सुटत नाही. त्यामुळे धार एका जागी लागतच नाही. दुसरं म्हणजे, लंडनच्या प्राणिसंग्रहालयातला अँडी सोडला तर एकही न्यूट पात्र म्हणून जवळ येत नाही. ज्यांच्या नावाने कादंबरी आहे त्यांचं मनच आपल्याला दिसत नसेल तर त्यांच्या बंडाचं काय वाटणार?

पहिला भाग उत्तम आहे, यात वाद नाही. पत्रकारांनी वर्तमानपत्रात बातम्या नसलेल्या उन्हाळ्यात कप्तानाला गाठणं, उद्योगपती बोंडीच्या घरचा तो प्रसंग, सगळंच. पण रानजाई, तुम्हाला पुढे कंटाळा आला तर दोष तुमचा नाही.

खाडीकाठ

रानजाई, गाळू नका. मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात निवृत्त होईपर्यंत प्राणिशास्त्र शिकवलं. हे पुस्तक प्रथम वाचलं ते वेदरॉल दांपत्याच्या १९३७च्या अनुवादात, नंतर ओसर्सच्या. माझ्या दृष्टीने कादंबरीचा जीव दुसऱ्या भागात आहे. सविस्तर लिहिते.

आधी पहिल्या भागातली एक गोष्ट पुन्हा बघा. हे न्यूट त्या एका खाडीत का अडकून पडलेत? शार्कमुळे. शार्क त्यांना खातात, म्हणून त्यांची संख्या वाढत नाही आणि ते खाडीबाहेर पडत नाहीत. कप्तानाला त्यांची दया येते. तो त्यांना 'टापा-बॉइज' म्हणतो, बापाच्या मायेने त्यांच्याबद्दल बोलतो. शिंपले उघडायला आणि शार्कशी लढायला तो त्यांना सुऱ्या देतो, बदल्यात ते मोती देतात. या व्यवहारात कुठेही दुष्टपणा नाही. पण भक्षक प्राण्याचा लगाम सुटला की भक्ष्याची संख्या कशी वाढते हे आम्ही बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला शिकवतो. चापेकने तिसऱ्या भागातलं सगळं युद्ध त्या सुऱ्यांच्या प्रसंगात पेरून ठेवलं आहे.

दुसरी अट तितकीच महत्त्वाची. न्यूट खोल समुद्रात राहू शकत नाहीत. त्यांना उथळ पाणी लागतं, म्हणजे किनारा लागतो. जगात किनारा मोजकाच. माणसं त्यांना बंदरं बांधायला, गाळ काढायला, बांध घालायला, नवी जमीन उभारायला वापरतात, अवजारं देतात, नंतर स्फोटकं देतात. न्यूट वाढत जातात आणि एक दिवस किनारा पुरत नाही. मग जमीन फोडून किनारा तयार करायचा, एवढाच उपाय राहतो. तिसऱ्या भागात त्यांचा प्रमुख रेडिओवरून बोलतो तेव्हा त्याच्या बोलण्यात द्वेष औषधालाही नाही. आम्ही फार झालो आहोत, आम्हाला जागा हवी, तुमच्याशी वैर नाही, असंच तो सांगतो. पाऊलवाट म्हणतात तसं न्यूटांचं मन दिसत नाही हे खरं आहे. पण या कादंबरीत संकट मनातून येत नाही, ते संख्येतून आणि पुरवठ्यातून येतं. प्रमुखाला मोठं अंतरंग दिलं असतं तर आपण सगळा दोष त्याच्यावर टाकून मोकळे झालो असतो.

आता दुसरा भाग कसा वाचावा. ही कात्रणं कोणाची आहेत ते विसरू नका. बोंडीच्या घरचा दारवान पोवोंड्रा. कप्तान दारात आला तेव्हा त्याला आत घ्यायचं की परत पाठवायचं हे त्याने ठरवलं. पुढे न्यूट जगभर झाले तेव्हा त्याला वाटू लागलं की या इतिहासात आपलाही हात आहे. म्हणून तो न्यूटांबद्दल जिथे जे छापून येईल ते कापून ठेवतो. अभिमानाने ठेवतो. दुसरा भाग म्हणजे त्या संग्रहातून मांडलेला इतिहास. तुम्ही 'कोणाच्या मागे जायचं' असं विचारलंत, तर पोवोंड्राच्या मागे जा. आणि तळटीपा सलग वाचू नका. रविवारची पुरवणी चाळतो तसं चाळा, जिथे नजर अडेल तिथे थांबा.

माझी नजर दोन ठिकाणी अडली ती अजून तिथेच आहे. पहिलं ठिकाण बाजारभावाचं. न्यूटांच्या प्रतवाऱ्या ठरलेल्या आहेत: मुकादमीला लायक ते 'लीडिंग', अवजड कामाचे 'हेवी', टोळीने काम करणारे 'टीम', किरकोळ कामाचे 'ऑड जॉब्ज', मग 'ट्रॅश', आणि शेवटी 'स्पॉन', म्हणजे नुसती पिल्लावळ. प्रत्येकाचा दर वेगळा. हे सगळं रोजच्या व्यापारी भाषेत, एकही शब्द वर न चढवता. शेजारीच टाक्यांमध्ये भरून त्यांची जहाजातून वाहतूक कशी होते त्याचं वर्णन आहे. अटलांटिकवरच्या गुलामांच्या व्यापाराची आठवण होऊ नये असं शक्यच नाही.

दुसरं ठिकाण हान्सचं. एक शास्त्रज्ञ न्यूटचं मांस खाण्याजोगं आहे का यावर लिहितो आहे. ते कसं तयार करायचं, चव कशी, परिणाम काय. ओघात तो सांगतो की प्रयोगशाळेत हान्स नावाचा एक न्यूट मदतनीस होता. शिकलेला, हुशार, नाजूक रासायनिक पृथक्करणंसुद्धा त्याच्यावर सोपवता यायची. संध्याकाळी त्याच्याशी गप्पा व्हायच्या, त्याची ज्ञानाची भूक पाहून सगळ्यांना मौज वाटायची. पुढे कवटीवरच्या प्रयोगांमुळे तो आंधळा झाला, म्हणून त्याला मारावं लागलं. मांस गडद आणि सच्छिद्र होतं, खाल्ल्यावर त्रास झाला नाही. संपलं. हा परिच्छेद वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये मुलांकडून आम्ही अशाच भाषेत लिहून घेतो: अमुक केलं गेलं, तमुक आढळलं. करणारा वाक्यात नसतोच. चापेकला ही भाषा आतून माहीत होती. तिच्यात क्रौर्य कसं सहज मावतं ते त्याने एका तळटीपेत दाखवलं. एखादं रडणारं, ओरडणारं न्यूटचं पात्र उभं करून हे साधलं नसतं.

हिटलरचं उत्तर: हो आणि नाही. ही कादंबरी 'लिदोव्हे नोव्हिनी' या दैनिकात १९३५-३६मध्ये क्रमशः येत होती. सप्टेंबर १९३५मध्ये जर्मनीत न्यूरेंबर्गचे वंशविषयक कायदे झाले, ऑक्टोबरमध्ये इटलीने अ‍ॅबिसिनियावर हल्ला केला. तिसऱ्या भागात 'डेअर नॉर्डमोल्ख' हे प्रकरण आहे. त्यात जर्मन विद्वान बाल्टिक समुद्रातला न्यूट हाच श्रेष्ठ वंशाचा, उजळ कातडीचा, ताठ चालणारा, असं सिद्ध करतात आणि त्याच्यासाठी जादा किनारा मागतात. हे सरळ नाझींवर आहे. पण अमेरिकेत न्यूटांना जमाव जिवंत जाळतो तेही याच पुस्तकात आहे. इंग्लंड आणि फ्रान्स इंग्लिश खाडीत आपापल्या न्यूटांवरून भांडतात तेही आहे. चापेक स्वतःच्या लोकांनाही सोडत नाही. गॅलापागोस बेटांवर एका चेक जोडप्याला चेक बोलणारा न्यूट भेटतो. त्याने ही भाषा पुस्तकातून शिकलेली असते, आणि तो कळवळून कशाबद्दल विचारतो, तर व्हाइट माउंटनच्या लढाईबद्दल आणि त्यानंतरच्या तीनशे वर्षांच्या पारतंत्र्याबद्दल. पानिपत म्हटलं की आपला आवाज बदलतो, त्यामुळे ते पान मराठी वाचकाला समजावून सांगावं लागत नाही.

म्हणून 'न्यूट म्हणजे नाझी' हे सूत्र मला पटत नाही. कधी ते गुलाम आहेत, कधी कामगार, कधी वसाहतीतली प्रजा, कधी सैन्य. बदलत नाहीत ती त्यांच्या भोवतालची माणसं, आणि चापेकची नजर त्यांच्यावर आहे.

सातबारा

खाडीकाठ, प्रतिसाद आवडला. दोन शंका आहेत. उभयचर प्राणी खाऱ्या पाण्यात जगतो, हे तुम्ही प्राणिशास्त्राच्या प्राध्यापक असून चालवून घेतलंत? बेडूक समुद्रात टाकला तर मरेल, हे शाळेतलं पोरही सांगेल.

दुसरं जास्त गंभीर आहे. ताना मासाचे बटक लोक आणि सिंहली पाणबुडे ज्या पद्धतीने रंगवले आहेत ते आज वाचवत नाही. कप्तानाच्या तोंडी त्यांच्यासाठी जे शब्द आहेत ते तर नाहीच. साम्राज्यवादावर टीका करणाऱ्या पुस्तकात हे कसं? आणि यॉटवरची ती सिनेमातली मुलगी, तिला लेखकाने डोकंच दिलेलं नाही.

खाडीकाठ

सातबारा, पहिल्या शंकेचं उत्तर देताना मला आनंद होतोय, कारण विषय माझा आहे.

समुद्रात राहणारा सॅलमँडर नाही, हे अगदी बरोबर. उभयचरांच्या कातडीतून पाणी आरपार जातं, खाऱ्या पाण्यात त्यांचं शरीर कोरडं पडत जातं. आपल्या खाडीच्या चिखलात पुढच्या परांवर चालणारी निवटी पाहून मुलं विचारायची, "मॅडम, हा उभयचर का?" तर नाही, निवटी मासाच. भारतात सॅलमँडर पाहायचा तर पूर्व हिमालयात, दार्जिलिंगच्या बाजूला जावं लागतं. सह्याद्रीत बेडूक आहेत, देवगांडूळ आहे, सॅलमँडर नाही.

पण चापेकने हा प्राणी हवेतून काढलेला नाही. १७२६मध्ये योहान याकोब शॉइख्त्सर या झुरिकच्या डॉक्टरने खडकातला एक सांगाडा प्रसिद्ध केला आणि जाहीर केलं की हा बायबलमधल्या महापुरात बुडून मेलेला माणूस आहे. 'प्रलयाचा साक्षीदार मानव' असं लॅटिन नावही दिलं. पुढे तो दगड हॉलंडमधल्या हार्लेमच्या टायलर संग्रहालयात गेला. तिथे फ्रेंच शास्त्रज्ञ क्युव्हिएने १८११मध्ये तो आणखी कोरून पुढचे पाय मोकळे केले आणि दाखवून दिलं की हा प्रचंड मोठा सॅलमँडर आहे. त्याच अवशेषाचं शास्त्रीय नाव अँड्रियास शॉइख्त्सेरी, आणि कादंबरीतल्या न्यूटांचं नावही तेच. त्याच्या कुळातले महाकाय सॅलमँडर चीन आणि जपानमध्ये आजही आहेत, जपानमधला दीड मीटरपर्यंत वाढतो, पण गोड्या पाण्यात. एकेकाळी विद्वानांनी ज्याला माणूस मानलं होतं तोच प्राणी चापेकने उचलला आणि माणसासमोर आणून उभा केला. याहून नेमकी निवड मला सुचत नाही. खाऱ्या पाण्याची सवलत मी त्याला आनंदाने देते.

अँडीचंही यात धरा. प्राणिसंग्रहालयाचा राखणदार त्याला बोलायला शिकवतो, तो वर्तमानपत्र वाचू लागतो, जाहिरातींसकट सगळं तोंडपाठ. शास्त्रज्ञांची समिती त्याची परीक्षा घेते आणि शेवटी लिहिते की त्याच्या बुद्धीचं फार कौतुक करू नये, आजच्या सर्वसाधारण माणसापेक्षा ती कोणत्याही बाबतीत जास्त नाही. मग बघायला येणारे लोक त्याला इतका खाऊ चारतात की पोट बिघडून तो मरतो.

दुसऱ्या शंकेत तथ्य आहे. बेटावरच्या लोकांना नावं नाहीत, घरं नाहीत, कप्तानाच्या शिव्यांपलीकडे अस्तित्व नाही. कप्तानाची भाषा हे त्याचं पात्र आहे एवढं म्हणून हा प्रश्न सुटत नाही, कारण निवेदकही त्यांच्याजवळ थांबत नाही. यॉटवरच्या मुलीबद्दलही सहमत. ते प्रकरण हॉलिवूडची खिल्ली म्हणून लिहिलंय आणि आज सगळ्यात लवकर शिळं झालंय ते तेच. मात्र एक बघा. त्या खाडीत उतरू नये असं पूर्ण पुस्तकात कोण म्हणतं? तिथलेच लोक. त्यांना लेखकाने आवाज दिला नाही, पण योग्य निर्णय त्यांच्याच पदरात टाकला आहे. आणि शेवटाकडे न्यूटांशी वाटाघाटी करायला भरलेल्या व्हादुझच्या परिषदेत न्यूटांची बाजू मांडायला माणसं वकील म्हणून बसतात, मध्य चीन बुडवायला देऊन बाकीच्यांनी आपले किनारे वाचवावेत अशी भाषा होते, चिनी प्रतिनिधी उठून बोलतो आणि तो काय म्हणाला हे कोणालाच कळत नाही. हे १९३६मध्ये छापलंय. सप्टेंबर १९३८मध्ये म्युनिकला चार देशांनी चेकोस्लोव्हाकियाचा प्रदेश वाटून दिला तेव्हा चेकोस्लोव्हाकियाला वाटाघाटीत बसवलंही नव्हतं. चापेक त्याच वर्षी २५ डिसेंबरला गेला, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी. मार्च १९३९मध्ये जर्मन फौजा प्रागमध्ये आल्या. त्याचा भाऊ जोसेफ १९४५मध्ये बर्गेन-बेल्सेनच्या छळछावणीत मेला.

पाऊलवाट

हान्सचा परिच्छेद आता पुन्हा काढून वाचला. मागच्या वेळी नुसती नजर फिरवून पुढे गेलो असणार. तुमचा मुद्दा मान्य, ते पान जबर आहे.

तरी शेवटच्या प्रकरणाबद्दल बोलायलाच हवं. लेखक स्वतःशीच गप्पा मारायला बसतो, पुढे काय होईल ते ठरवतो, न्यूट आपसात लढून संपतील म्हणतो, आणि वर सांगतो की त्यांचा प्रमुख मुळात माणूसच, पहिल्या महायुद्धात सार्जंट असलेला कोणी आंद्रेआस शुल्ट्झे. तुम्हीच म्हणालात की संकट संख्येतून आणि पुरवठ्यातून येतं, दोष टाकायला कोणी नाही. मग हा शुल्ट्झे तुमच्या वाचनाला सुरुंग लावत नाही का? शेवटी दोष एका माणसाच्या गळ्यात आलाच की. ही मला लेखकाची माघार वाटते.

रानजाई

सगळ्यांचे आभार. खाडीकाठताई, तुमचा प्रतिसाद गटात वाचून दाखवला. आता प्रत्येकाने दुसऱ्या भागातली एक तळटीप निवडून आणायची असं ठरलंय. हान्स मी मागून घेतला. अजून कोणाला घ्यायची असेल तर आवृत्ती बघून घ्या. आमच्यातल्या एकांकडे फुकट उतरवून घेतलेली फाइल आहे. तिच्यात कात्रणांची वेगवेगळी अक्षरं आणि चौकटी सगळ्या सपाट झाल्या आहेत, तळटीपा मजकुरातच मिसळल्या आहेत. त्यांना तर काहीच कळेना. छापील पुस्तकात तो भाग खूप सुकर आहे.

खाडीकाठ

रानजाई, छान. छापील प्रतीबद्दल शंभर टक्के सहमत.

पाऊलवाट, शुल्ट्झेचा मुद्दा खरा आहे आणि मला तो टाळायचा नाही. ते वाक्य मलाही खटकतं. वाचकांना १९३६मध्ये हा म्हणजे हिटलर हे लगेच ओळखू आलं असणार, आणि प्रागमध्ये बसून लिहिणाऱ्या माणसाला ते उघड म्हणावंसं वाटलं असणार. कादंबरी म्हणून ते नसतं तर बरं झालं असतं, असं माझं मत आहे. पण त्याच प्रकरणात त्याच्या आधी लेखक काय म्हणतो ते वाचा. आतला आवाज विचारतो की तू हे थांबवत का नाहीस. लेखक उत्तर देतो की मी सांगून पाहिलं, न्यूटांना शस्त्रं देऊ नका, हा घाणेरडा धंदा थांबवा म्हटलं, पण प्रत्येकाकडे ते न थांबवण्याची हजार चांगली आर्थिक आणि राजकीय कारणं होती. सगळे कारखाने, सगळ्या बँका, सगळी राज्यं यात आहेत असंही तो म्हणतो. शुल्ट्झे एक ओळ आहे, ही यादी अख्खी कादंबरी आहे.

माझ्यापुरता शेवट त्याआधीच्या प्रकरणात होतो. म्हातारा पोवोंड्रा मुलाबरोबर प्रागमधल्या व्हल्टावा नदीकाठी मासे धरत बसलेला असतो. समुद्र कुठे, प्राग कुठे, इथे ते येणार नाहीत, असा त्याचा हिशेब. आणि नॅशनल थिएटरजवळ पाण्यात एक काळं डोकं दिसतं. घरी येऊन तो अंथरूण धरतो आणि म्हणत राहतो की त्या कप्तानाला मी आत सोडायला नको होतं. जगातले सगळे मंत्री आणि संचालक सोडून अपराध स्वतःकडे घेणारा तो एकटाच, आणि तो दारवान आहे. त्यानंतर लेखक बोलायला येतो तो याच माणसाचं दुःख बघून, म्हणून मी ते प्रकरण माघार मानत नाही. तुमच्या गटात शुल्ट्झेबद्दल काय बोलणं होतं ते इथे नक्की लिहा, विशेषतः ज्यांनी पुस्तक पहिल्यांदाच वाचलं त्यांचं.